पिस्तुलाचे खानदान विचारू नका

ठासणीच्या पिस्तुलांची तुलना करायला बसलेले शौकीन पहिला प्रश्न विचारतात तो असा : अस्सल की नक्कल? दुसरा प्रश्न किमतीचा. २५ मीटरवरच्या कागदावर दहा गोळ्या किती जवळजवळ बसल्या, हे कोणी विचारलेच तर सर्वात शेवटी. मी नेमबाज नाही, उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर आहे. पण हसब-नसब विचारून माणसाची लायकी ठरवण्याची आपल्या समाजातली खोड मला चांगली ठाऊक आहे. तीच खोड इथे दिसते, म्हणून हे लिहितो.

नक्कल म्हणजे काय, ते आधी पाहू. इटलीत ब्रेशियाजवळ गार्दोने वाल त्रोम्पिया हे गाव आहे. सतराव्या शतकात तिथल्या कोमिनात्सो घराण्याच्या नळ्या युरोपभर नावाजलेल्या होत्या. त्याच गावात १९५७ साली स्थापन झालेला पेदेर्सोली हा कारखाना जुन्या धर्तीची पिस्तुले घडवतो. तीच दारू, तीच शिशाची गोळी, तोंडाकडून तसेच ठासणे. मग फक्त जन्मसाल पाहून त्यांना कमअस्सल कसे म्हणता?

दुसरी गफलत याहून मोठी. चकमकीच्या पिस्तुलाशेजारी टोपीचे पिस्तूल ठेवायचे आणि 'चकमक मागासलेली' असा निकाल द्यायचा. चकमकीची ठिणगी आधी रंजकाला लागते, मग छिद्रातून आतल्या दारूपर्यंत पोचते. चाप ओढल्यावरही हात स्थिर ठेवावा लागतो. १८०७ साली ॲलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने बार पेटवण्याचे पेटंट घेतले. पुढे तांब्याची टोपी आली आणि हा उशीर घटला. इथवर खरे. पण बहुतेक वेळा चकमकीच्या पिस्तुलाची नळी आतून गुळगुळीत असते आणि टोपीच्या पिस्तुलाच्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा असतात. गोळ्या विखुरल्या त्या चकमकीमुळे की नळीमुळे? दोन गोष्टी एकदम बदलून एकीवर ठपका ठेवणे ही तुलना नव्हे. विज्ञानाच्या वहीत एखाद्या मुलाने असे लिहिले, तर आपण लाल शेरा मारू.

एमएलएआयसी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत हा घोळ नाही. चकमकीच्या गुळगुळीत नळीचा प्रकार 'कोमिनात्सो', टोपीच्या खाचेदार नळीचा 'कुखेनरॉयटर'. अर्ध्या तासात तेरा गोळ्या झाडायच्या, उत्तम दहा धरायच्या. मूळ जुनी पिस्तुले आणि नवी घडवलेली यांचे वर्गही वेगळे. पण वर्ग वेगळा म्हणजे दर्जा खालचा नव्हे. एवढा विवेक आपल्याला माणसांच्या बाबतीतही अजून जमलेला नाही.

तेव्हा तुलना जरूर करा. सारख्याला सारखे लावा, दारूचे माप, गोळी आणि तिच्याभोवतीची चिंधी प्रत्येक पिस्तुलाला मानवेल तशी ठरवून घ्या आणि मग कागद पाहा. मुठीवरची चांदीची नक्षी आणि आजोबांचे नाव त्या कागदावर उमटत नाही.