यादी नको, नाव विचारा

9 डिसेंबरला आमच्या मुंब्र्याच्या ग्रुपवर एक यादी फिरली, 'देशासाठी जान देणारे मुसलमान'. त्यात एक नाव होतं कॅप्टन एम. एन. मुल्ला. 1971 मध्ये याच तारखेला दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने 'आयएनएस खुकरी' बुडवली. कॅप्टन मुल्ला जहाज न सोडता त्याच्यासोबतच गेले. पण ते महेंद्रनाथ मुल्ला, काश्मिरी पंडित. आडनाव बघून कुणीतरी त्यांना आपल्या यादीत घातलं होतं. मी तसं लिहिलं, तर उत्तर आलं, "भाई, मकसद तर चांगला आहे ना?"

मला तो मकसदच खटकतो. खुकरीवर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. त्यातल्या एका तरी नौसैनिकाचं नाव आपल्याला सांगता येतं का? आपल्याला माणूस आठवायचा नसतो, कुणाच्या तरी तोंडावर पुरावा फेकायचा असतो. वफादारीचा दाखला मागणाऱ्याचं समाधान अशा यादीने होत नाही. आणि मेलेला माणूस मात्र दाखल्याचा कागद होऊन बसतो.

मुंब्रा, कौसा, कल्याणमधली कित्येक कोकणी घराणी मूळची रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठची. जहाजावर जाणं हा तिथला पिढीजात पेशा. ब्रिटिशांच्या रॉयल इंडियन मरीनमधले खलाशी मुख्यतः रत्नागिरीचे मुसलमानच होते. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेले नौदलाचे सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास 6000 हिंदी खलाशी एका स्मृतिग्रंथात नावानिशी नोंदलेले आहेत. त्याची एक प्रत मुंबईत खलाशांच्या वसतिगृहात आहे, दुसरी चितगावला.

माझ्या दादीचा थोरला भाऊ त्याच युद्धात गेला. वय एकोणीस. दादी म्हणायची, तो पगारासाठी गेला. त्याच्या मनीऑर्डरीतून घरावर कौलं चढली. युद्ध इंग्रजांचं होतं. मग तो आपल्या यादीत बसतो की नाही? वफादारीच मोजायची असेल तर बसत नाही. पण घरासाठी समुद्रावर गेलेला आणि परत न आलेला पोरगा म्हणून तो आपलाच आहे, त्यासाठी कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. त्याला कबर नाही. शबे-बरातला घरचे पुरुष कब्रस्तानात जायचे, तेव्हा दादी खाडीकडे तोंड करून फातेहा पढायची. बुडून मेलेला शहीद असतो, असं हदीसमध्ये आहे. तिला तेवढा मान पुरे होता.

कल्याणला दुर्गाडीपाशी 'टी-80' ही निवृत्त युद्धनौका आणून ठेवली आहे. तिच्यासमोर फोटो जरूर काढा. पण त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि विचारा, आपल्यातलं कोण समुद्रावरून परत आलं नाही? त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, सगळं लिहून घ्या.

मी दादीला जहाजाचं नाव कधी विचारलं नाही. ती गेली. आता त्या ग्रंथात एकाच नावाचे अनेक खलाशी भेटतात. त्यातला आमचा कोणता, हे सांगणारं कुणी उरलं नाही.