पडताळणीचे बिल कोणाच्या नावे?

मतदान यंत्राचा एक संच तपासून घ्यायचा तर 40,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. एकूण 47,200. पराभूत उमेदवारांसाठी निवडणूक आयोगाने जून 2024 मध्ये ठरवलेला हा दर होता. विधानसभेच्या उमेदवारीसाठी खुल्या प्रवर्गात अनामत आहे 10,000. म्हणजे अर्ज भरायला जेवढे लागतात, त्याच्या जवळपास पावणेपाच पट रक्कम एका केंद्रावरचे यंत्र तपासायला लागत होती.

यंत्र तपासून घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 26 एप्रिल 2024 च्या निकालात दिला. तोही मोजूनमापून. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाच, निकालानंतर सात दिवसांत, फक्त पाच टक्के यंत्रांपुरता. खर्च उमेदवाराचा, यंत्रात फेरफार आढळला तरच पैसे परत. एका विधानसभा मतदारसंघात 300 केंद्रे धरली, तर 2024 च्या दराने 15 संचांचे 7 लाख 8 हजार होत. त्याच वर्षी लोकसभेनंतर अहमदनगरमध्ये भाजपचे सुजय विखे यांनी 40 केंद्रांवरील पडताळणी मागितली होती. या दराने ती 18 लाख 88 हजारांची. शंका कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला येऊ शकते. एवढी रक्कम सात दिवसांत उभी करणे मात्र प्रत्येकाला जमत नाही. पदरमोड करून लढलेल्या अपक्षाने काय करायचे?

फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयानेच 40,000 ही रक्कम फार आहे, ती कमी करा, असे आयोगाला सुनावले. ते योग्यच झाले. पण दर उतरला म्हणून मूळ प्रश्न सुटत नाही. हे पैसे उमेदवाराने भरायचेच का?

यंत्रे जनतेच्या पैशाने घेतलेली. ती बनवणाऱ्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि हैदराबादच्या ईसीआयएल या दोन्ही कंपन्या सरकारी. त्यात नोंदलेले मत मतदाराचे. ते नीट नोंदले गेले का, हे पाहणे हे निवडणुकीचेच काम आहे. ती उमेदवाराला दिलेली सेवा नव्हे. मग तिचे बिल त्याच्या नावे का फाटते, आणि त्यावर कर कशासाठी?

तपासणी सरकारी खर्चाने होऊ शकते, हे आयोगाला ठाऊक आहे. 2019 पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्रातल्या आकड्यांशी ताडल्या जातात. त्यासाठी कोणी अर्ज करत नाही, कोणाला बिल जात नाही. तोच नियम यंत्राच्या मेमरीच्या तपासणीला लावायला काय हरकत आहे?

फुकट केले तर प्रत्येक हरलेला उमेदवार अर्ज करेल, असे सांगितले जाईल. त्यावर उपाय सोपा आहे. अर्जाची अटच काढा. प्रत्येक मतदारसंघात चिठ्ठ्या टाकून ठरावीक यंत्रे निवडा आणि सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर तपासा. हरलेल्याने मागणी करण्याची वाट पाहू नका. निवडणूक याचिकेची 45 दिवसांची मुदत संपेपर्यंत यंत्रे जपून ठेवावीच लागतात. तेवढा अवधी हाताशी आहे.

लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घ्यायच्या तर दर 15 वर्षांनी नव्या यंत्रांसाठी सुमारे 10 हजार कोटी लागतील, असा आयोगाचाच अंदाज आहे. एवढा पैसा यंत्रांच्या खरेदीसाठी उभा राहणार असेल, तर त्यांच्या पडताळणीची तरतूदही त्याच अंदाजपत्रकात झाली पाहिजे. निवडणूक एकत्र होवो वा वेगळी, निकालावर विश्वास बसण्यासाठी लागणारा खर्च हा सार्वजनिक खर्च आहे. आयोगाने हे दरपत्रक रद्द करावे.