सिकलसेलचा अहवाल आणि आपले कर्तव्य

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. मेळघाटातील कोरकू बांधवांत हा आजार आढळत असल्याने धारणी परिसरात अहवाल हाती घेऊन माणसे वैद्याकडे येतात आणि विचारतात, ‘औषधाने हे जाईल ना?’ या प्रश्नाचे खरे उत्तर देणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय.

सोल्युबिलिटी चाचणी सिकल हिमोग्लोबिनचे अस्तित्व तेवढे दाखवते. व्यक्ती वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच ठरते. सहा महिन्यांखालील बालकात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते. अलीकडे रक्त चढवले असल्यास कोणताही अहवाल फसवा ठरू शकतो. हे तपासणीपूर्वीच सांगावे.

वाहक हा सहसा आजारी नसतो. केवळ अहवालावरून त्याच्या माथी टॉनिक मारणे अनुचित आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नव्हे. जोडीदाराची हिमोग्लोबिन तपासणी सर्वस्वी सामान्य असेल, तर अपत्य वाहक होऊ शकते, रुग्ण नाही. मग केवळ वाहक म्हणून मुलीची सोयरीक का मोडावी?

चरकाने बीजभागावयवाची दुष्टी आणि सुश्रुताने आदिबलप्रवृत्त व्याधी सांगितले, याचा आपणांस सार्थ अभिमान आहे. परंतु त्या आधारे रसायनाने बीज पालटण्याचे आश्वासन देता येत नाही. एसएस रुग्णाच्या बाबतीत ‘याप्य’ हाच प्रामाणिक शब्द आहे. भरपूर पाणी, थंडीपासून रक्षण, ज्वर वा तीव्र वेदना होताच रुग्णालय, ही पथ्ये समजावावीत. चालू असलेले हायड्रॉक्सीयुरिया परस्पर बंद करू नये. पांडुता दिसली म्हणून लोह-मंडूराचे कल्पही देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या शरीरात लोह आधीच साचलेले असू शकते.

औषधी विक्रेत्यांनीही ‘सिकलसेल समूळ बरा’ अशा दाव्याची बाटली दुकानात ठेवू नये. खोट्या आशेपायी रुग्ण योग्य उपचारास मुकतो आणि त्याची किंमत कधी प्राणांनी मोजावी लागते.