काट्यावर वजन, टायरमध्ये अंदाज

‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ पेपरात हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की टायर फुटणं म्हणजे वीज पडल्यासारखं वाटायला लागलंय. पण टायर सहसा उगाच फुटत नाही. आधी तो बराच वेळ तापत असतो.

ओतूरच्या कांदा मार्केटात उभं राहून बघा. पिकअप काट्यावर चढते आणि वजनाचा आकडा किलोपर्यंत पावतीवर येतो. कारण त्यावर पैसे ठरतात. तीच गाडी पुढे हवा भरायला थांबते. ‘किती टाकू?’ ‘टाक नेहमीसारखी.’ बास. मग भरलेली गाडी माळशेज उतरून वाशीला जाते आणि रिकामी तेवढ्याच हवेवर घाट चढून परत येते.

खरं तर गाडीचं वजन रबर नाही, आतली हवा पेलते. माणसांसकट 1400 किलोची कार धरा, म्हणजे एका चाकावर साधारण 350 किलो. हवा 35 पीएसआय असेल तर टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम 140 चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा किंचित जास्त. हवा तेवढीच ठेवून वजन वाढवलं की टायर जास्त बसतो, त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि तापते. उलट, भरल्या गाडीची हवा रिकाम्या गाडीत ठेवली तर ती उडते आणि पावसात पकड कमी होते. पावसात माळशेज कसा असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून तर कारच्या ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर कमी आणि पूर्ण लोडचे वेगवेगळे आकडे असतात. बाइकवरही मागच्या टायरला एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा. (ट्रिपलसीटचा कुठल्याच कंपनीने छापलेला नाही. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराला जाताना आठवा.) टायरवर कोरलेला आकडा मात्र कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नाही. हवा बघायची ती टायर थंड असताना. तापल्यावर आकडा वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडणारे महाभाग आहेत, त्यांचा टायर थंड झाला की कमी हवेवर येतो.

राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. बाहेरच्या देशांत अशा घरासारख्या गाड्यांचे मालक आधी काट्यावर जातात. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी तोलतात आणि कंपनीच्या तक्त्यात बघून हवा ठरवतात. गंमत म्हणजे हौशी लोकांना ज्यासाठी काटा शोधावा लागतो, तो आपल्याकडे मार्केटच्या दारातच आहे.

‘आमचा ड्रायव्हर टायरला लाथ मारून सांगतो,’ असं कुणी म्हणेल. अनुभवाचा मान आहेच. पण तीस आणि चाळीसमधला फरक लाथेला कळत नाही. शिवाय गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा आणि जीव ड्रायव्हरचा. सुट्टीत पिकअपवर जाणारी आपल्याच वर्गातली पोरं मालकाला ‘हवा बघू का?’ विचारायलाही लाजतात. चांगला गेज काही शे रुपयांत येतो, तो मालकाने द्यायला हवा. आणि बाजार समितीने काट्याशेजारी कंप्रेसर बसवावा, पावतीवर वजनाखाली हवेचा एक रकाना वाढवावा. कांद्याच्या दोन गोण्यांच्या आत खर्च भागणार नाही, कबूल. पण एका उलटलेल्या गाडीतल्या मालापेक्षा तो कमीच असेल.