पेटींतली मोटार आणि दारांतली मोटार

भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीच्या वरच्या मजल्यावर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे मोठी मौज दिसते. एकामागून एक मोटारी येतात आणि बोटीच्या पोटांत शिरतात. शंभरावर मोटारी ती गिळते, तरी तिचें पोट भरल्यासारखें वाटत नाहीं. मार्च २०२० मध्यें ही बोट सुरू झाल्यापासून मुंबईची मोटार मांडव्यास नेण्याकरितां पनवेल, पेण, वडखळ असा लांबचा वळसा घालण्याचें कारण उरलेलें नाहीं. सुमारें तासाभरांत मोटार आणि मालक दोघेही पलीकडे. गेल्या मे महिन्यांत आम्ही असेच उभे होतों. शेजारीं आमच्या धाकट्या बंधूंचा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्यानें एक डोळा मिटला, अंगठा पुढें धरला आणि म्हणाला, "काका, इथून ती पांढरी गाडी बरोबर एकास चोवीस दिसते आहे."

हें एकास चोवीस काय प्रकरण आहे, तें आमच्या घरांत आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. खऱ्या मोटारीवरील चोवीस इंचांचा प्रतिकृतींत एक इंच करावयाचा, म्हणजे एका फुटाचा अर्धा इंच झाला. अशा प्रतिकृतींच्या पेट्या विकत मिळतात. पेटी उघडली कीं प्लॅस्टिकच्या काड्यांना लगडलेले शेंदीडशें भाग निघतात. चाकें, आसनें, इंजिन, आरसे, सगळें सुटें. ते कापावयाचे, घासावयाचे, चिकटवावयाचे, रंगवावयाचे. एका परदेशी पेटीस दोन हजारांहून अधिक रुपये पडतात. बारावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलानें वाढदिवसाचे सारे पैसे अशा पेटींत घालावे, हें त्याच्या वडिलांस रुचलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही नाहीं. "विकत घेतलेले तुकडे सांगितल्याप्रमाणें जोडले, यांत तुझें काय?" असें आम्हीं त्यास एकदां विचारलेंही होतें. त्यानें उत्तर दिलें नाहीं. उत्तर मिळालें तें मांडव्यास, आणि तें ऐकतांना आमचीच मान खालीं गेली. ती हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

तत्पूर्वीं या छंदाचें कुळ थोडें सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी या शाखेनें १९३० सालीं मुलांकरितां एक कारागीर-संघ काढला. आरंभीं मुलांनीं नेपोलियनच्या काळच्या राजरथाची हुबेहूब प्रतिकृति करावयाची असे. पुढें प्रत्येकानें स्वतःच्या कल्पनेंतली मोटार घडवावयाची असें ठरलें. बक्षीस म्हणून शिक्षणास शिष्यवृत्ति मिळे. १९४७ सालचा विजेता चक जॉर्डन हा पुढें त्याच कंपनीच्या साऱ्या मोटारींच्या रूपरेखेचा मुख्य झाला. १९६८ सालीं ती स्पर्धा थांबली. परंतु तोंवर प्लॅस्टिकच्या पेट्या घरोघर पोंचल्या होत्या. १९५८ पासून ए. एम. टी. या कंपनीनें अशा पेट्या काढल्या कीं एकाच पेटींतून तीन तऱ्हेची मोटार करतां यावी. कारखान्यांतून निघते तशी, शर्यतीची, किंवा आपल्या हौसेप्रमाणें बदललेली. जपानांत शिझुओका येथें १९४६ सालीं इमारती लांकडाचा व्यापार म्हणून आरंभ झालेली तामिया ही पेढी लांकडी प्रतिकृतींवरून १९६० सालीं प्लॅस्टिककडे वळली, आणि आज जगभरचीं मुलें तिच्या पेट्या उघडतात. सांगावयाचें तात्पर्य इतकेंच कीं, पेटींतली मोटार बदलून आपली करावी, ही कल्पना या छंदाच्या बाल्यापासूनच त्यांत आहे. आम्हांस ती ठाऊक नव्हती.

आतां दारांतल्या मोटारीकडे वळूं. मांडव्याच्या आमच्या घरीं, विहिरीजवळच्या आंब्याखालीं, एक दुधी रंगाची प्रीमियर पद्मिनी पुष्कळ वर्षें उभी होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही मोटार तयार होई. मूळ घडण इटलीच्या फियाटची. १९६४ सालीं ती '११०० डिलाइट' या नांवानें आली व पुढें तिचें 'पद्मिनी' असें बारसें झालें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. अशा टॅक्सींपैकीं शेवटच्या गाडीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली आणि मुंबईच्या रस्त्यांवरून ती जात नाहींशी झाली. आमच्या वडिलांनीं नांव नोंदवून, वर्षानुवर्षें वाट पाहून, १९७९ सालीं ही गाडी घेतली. ते १९९६ सालीं वारले. गाडी मांडव्यास येऊन राहिली. नोंदणीची मुदत संपली, खारा वारा आंत शिरला, तळाचा पत्रा गंजून चाळणीसारखा झाला. डिकींत मुंगुसानें घर केलें. वहिनी म्हणत, "एकदां ही घाण न्या." थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, ते कांहीं बोलत नसत, पण भंगारवाला फाटकाशीं आला कीं त्यास चहा पाजून परत पाठवीत.

या मे महिन्यांत मात्र निर्णय झाला. पावसाळ्यापूर्वीं गाडी द्यावयाची. दादा उठून आंत गेले. तेव्हां पुतण्या म्हणाला, "द्या; पण मला आठ दिवस द्या. मी हिची प्रतिकृति करतों."

पद्मिनीची पेटी त्यास बाजारांत कोठें मिळाली नव्हती. म्हणून त्यानें दुसऱ्याच एका परदेशी मोटारीची पेटी फोडावयाचें ठरविलें: चाकें व इंजिन तिचें, तळ कापून लहान केलेला, आणि वरचा सारा देह पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून स्वतः घडविलेला. यास मापें हवीं. आणि सुमारें तेरा फूट लांबीच्या गाडीचीं मापें एकट्यास घेतां येत नाहींत. टेपचें दुसरें टोंक कोणी तरी धरावें लागतें. घरांतले सर्व दुपारीं निजलेले. दादा तेवढे ओटीवर बसले होते.

आम्हीं खिडकींतून पाहिलें. जो मनुष्य तीन वर्षें त्या आंब्याकडे फिरकला नव्हता, तो टेपचें टोंक धरून मडगार्डापाशीं वांकला होता. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत २३४० मिलिमीटर. चोवीसांनीं भागिले म्हणजे साडेसत्याण्णव. मुलगा आंकडा बोले आणि दादा वहींत लिहीत. बॉनेटचा उतार कागदाचें तोंड कापून उतरून घेतला. दाराची मूठ, मागच्या दिव्याची ठेवण, सुकाणूखालचा गिअरचा दांडा, एकेक वस्तु मोजली गेली. आम्ही याच गाडींतून हजार वेळां बसलों असूं. पण मागची कांच किती तिरपी आहे, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मोजल्यावांचून दिसत नाहीं, आणि करावयाचें नसेल तर कोणी मोजीत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं मुलगा डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डापाशीं थांबला. तेथें एक मोठा पोचा होता. मध्यें पट्टी धरून त्यानें खोली मोजली. ती जवळजवळ चोवीस मिलिमीटर भरली. "मोठे काका," त्यानें विचारलें, "हा पोचा करूं कीं नको? कंपनीनें केलेली गाडी करायची, कीं आपली?"

आम्ही तेथेंच उभे होतों. दादा म्हणाले, "आपली कर. पोचा हवाच." आणि मग त्यांनीं आमच्याकडे पाहिलें.

वाचकहो, तो पोचा आमचा आहे. १९८३ सालच्या उन्हाळ्यांत, वडील मुंबईस गेले असतां, आम्हीं किल्ली घेऊन गाडी मागें घेण्याचा पराक्रम केला आणि फाटकाच्या काळ्या दगडी खांबास ती आदळली. आम्हीं किल्ली खुंटीस लावली आणि मुकाट्यानें समुद्रावर फिरावयास गेलों. वडील परतले, गाडी चालवितां येणारे घरांत त्यांच्याशिवाय एक दादाच. त्यांनीं दादांस विचारलें. दादा गप्प राहिले. वडिलांनीं पोचा मुद्दाम दुरुस्त करूं दिला नाहीं, "आठवण राहूं दे" म्हणाले, आणि वर्षभर दादांच्या हातीं किल्ली दिली नाहीं. आम्ही तेव्हां एकोणीस वर्षांचे होतों. आज सांगूं, उद्यां सांगूं करीत चाळीस वर्षें लोटलीं, वडील गेले, आणि आम्हांस वाटत राहिलें कीं दादांस खरें काय तें ठाऊकच नाहीं.

त्या दिवशीं आम्हीं पुतण्यासमोर तें सांगून टाकलें. दादा म्हणाले, "अरे, तुझ्या चपलेस दगडाचा चुरा लागला होता. तुझा निकाल लागायचा होता त्या महिन्यांत. बाबांचा राग ठाऊक होता." इतकेंच. ओटीवरून वहिनींचा आवाज आला: "म्हणजे मला पाहायला पुण्यास तुम्ही एस. टी. नें आलांत तें यासाठीं होय! आमच्याकडे सर्वांना वाटलें, गाडी आहे अशी थाप मारली." त्यावर जें हंसें झालें, त्यानें आमची सुटका केली, परंतु एक गोष्ट बोचते ती बोचतेच. वडिलांस सांगावयाचें राहिलें, तें राहिलें.

आतां ज्या घरांत हा छंद शिरला आहे किंवा शिरूं पाहतो आहे, त्यांच्याकरितां पुतण्याच्या वहींतून कांहीं सूचना देतों. भाग प्रथम साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावे. सांच्यांतून सुटण्यासाठीं लावलेला तेलकट थर राहिला तर रंग धरत नाहीं. प्लॅस्टिकचा खास चिकटवणारा द्रव हा खळीसारखा नव्हे. तो दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतो, म्हणून थेंबभरच लावावा. झटपट चिकटणारा गोंद कांचेच्या भागांस लावूं नये. त्याच्या वाफेनें त्या धुरकट होतात. कांचांस सुताराचा पांढरा फेव्हिकॉल उत्तम. फटींत लांबी भरावी, पूर्ण वाळूं द्यावी, कारण ती आक्रसते, आणि मग पाण्यांत भिजविलेल्या बारीक पॉलिश कागदानें घासावी. अस्तराचा हात दिल्यावांचून रंग देऊं नये, आणि रंग एका दाट हातापेक्षां चार पातळ हातांनीं द्यावा. रंग व द्रव यांची वाफ डोक्यास चढते. खिडक्या उघड्या हव्यात, तोंडास मुखपट्टी हवी, आणि स्वयंपाकघर, देवघर व विस्तव यांपासून हें काम दूर हवें. पातें धारेचें असतें. लहान मुलांच्या हातीं देऊं नये.

कोंकणपट्टीच्या वाचकांस एक सूचना अधिक. आमच्या पुतण्यानें आषाढांत उतावळेपणानें रंग मारला आणि सकाळीं पाहतो तों दुधी मोटारीवर पांढुरकी साय धरलेली! हवेंतलें दमट पाणी वाळत्या रंगांत अडकलें म्हणजे असें होतें. सारा रंग घासून काढावा लागला. तो दोन दिवस कोणाशीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "दसऱ्यानंतर पाहूं," आणि पुस्तकें घेऊन बसला. वाट पाहणें हा धडा आम्ही त्यास दहा वर्षें शिकवीत होतों. तो त्यास एका रात्रींत पावसानें शिकविला. त्याच्या वडिलांनीं हें पाहिलें, आणि त्यानंतर पैशांचा विषय काढलेला नाहीं.

पोचा कसा केला, तें विचाराल. चमच्याची पाठ मेणबत्तीवर तापवून प्लॅस्टिकच्या तुकड्यावर टेंकविली. पहिल्या खेपेस भोंक पडलें, दुसऱ्या तुकड्यास वेडीवांकडी घडी पडली, पांचव्यास जमलें. खऱ्या गाडीवर जो चोवीस मिलिमीटर खोल, तो प्रतिकृतींत एक मिलिमीटर. कोणत्याही पेटींत तो मिळाला नसता. आमच्या जुन्या प्रश्नाचें उत्तर हेंच होतें; पेटी कोणाचीही असो, जें बदलावें लागलें तें आपलें.

गाडी मृगापूर्वींच गेली. भंगारवाल्याच्या ट्रकवर ती दोरांनीं बांधली जात असतां दादा फाटकाच्या खांबास हात टेंकून उभे होते. यावेळीं चहा झाला तो सौदा झाल्यानंतर. आंब्याखालीं चार चाकांच्या जागीं चार खळगे तेवढे राहिले. पहिल्या पावसांत ते भरले.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी एकादी वस्तु असेल, जी ठेवतां येत नाहीं आणि टाकवत नाहीं: आजीचा पाळणा, बंद पडलेली पिठाची गिरणी, माजघराचा दरवाजा, बैलगाडी. ती देण्यापूर्वीं घरांतल्या मुलाच्या हातीं टेप द्या, आणि दुसरें टोंक घरांतल्या सर्वांत वडील माणसास धरावयास सांगा. प्रतिकृति चांगली होवो वा न होवो; मापें घेतांना काय काय बोललें जाईल, तें आधीं सांगतां येत नाहीं.

दिवाळीस आम्ही सर्व मुंबईकडे निघालों. मोटारीची प्रतिकृति, सोळा सेंटिमीटर लांबीची, जुन्या चपलांच्या खोक्यांत कापूस घालून ठेवली होती. पुतण्या ती पिशवींत घालूं लागला, तों दादांनीं खोकें आपल्याकडे घेतलें. बोटीवर ते तें मांडीवर घेऊन बसले होते. समुद्राच्या मध्यावर त्यांनीं झांकण किंचित् उघडून आंत पाहिलें, आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "नंबर बरोबर लिहिला आहे रे यानें."