गॅस भरा आणि गप्प बसा

वऱ्हाडात मोटारवाल्याचा खिसा कापायला कात्री लागत नाही. 'गॅस' हा एक शब्द पुरतो. गाडीचा एसी उजवीकडे गार आणि डावीकडे कोमट वारा देतोय? गॅस. पुढच्या सीटवर काश्मीर आणि मागच्या सीटवर अकोला? गॅस. गाडी रेल्वे फाटकावर थांबली की वारा गरम होतो? गॅस. पूर्वीचे वैद्य कुठल्याही दुखण्यावर एरंडेल देत असत हे खरं. पण ते आधी निदान जीभ बाहेर काढायला तरी सांगत. आमच्या गॅसवैद्यांना बॉनेट उघडण्याचीही गरज वाटत नाही. गाडी दारात शिरतानाच ते तिच्या चालीवरून गॅस ओळखतात.

आता कुणी म्हणेल, मोटारीतला एसी म्हणजे चैन. चैनीवरून कसलं भांडण? असं म्हणणाऱ्या सद्गृहस्थाला मी मे महिन्यात दुपारी दोन वाजता मूर्तिजापूरला, काचा बंद करून, मागच्या सीटवर बसवू इच्छितो. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं. इतर गावांत हे कलम दंगलीसाठी लागायचं, आमच्याकडे ते सूर्यासाठी लागलं. अशा मुलखात गाडीतला गारवा ही चैन नव्हे, औषध आहे. आणि औषध घरातल्या दोघांना मिळतं, तिघांना मिळत नाही, तर त्याची चौकशी व्हायला नको?

माझं भांडण गॅसशी नाही. गॅस बिचारा सज्जन आहे. तो पेट्रोलसारखा जळत नाही, बंद नळ्यांतून गोल गोल फिरत राहतो. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून, सांध्यांतून थोडा झिरपतो, नाही असं नाही. पण मागच्या उन्हाळ्यात भरलेला या उन्हाळ्यात संपला, तर त्याचा अर्थ तो कुठूनतरी पळून गेलाय. फुटकी घागर भरून देणाऱ्याला आपण पाणक्या म्हणू, कासार म्हणणार नाही. छोट्या मोटारीत हा गॅस साधारण अर्धा किलो मावतो. नेमका किती, ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याहून जास्त कोंबला तर गारवा वाढत नाही, उलट घटतो आणि कॉम्प्रेसरला धाप लागते. पण 'थोडा जास्तच टाकला भाऊ, तुमच्यासाठी' हे वाक्य ऐकून आपण खूश होतो. रसवंतीत अर्धा ग्लास वर मिळाल्यासारखे.

एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हा प्रकार गॅस कमी झाल्यानेही होतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. गॅस अपुरा असला की आतल्या थंड जाळीचा, जिथून गॅस शिरतो तेवढाच भाग गार पडतो आणि बाकीची जाळी कोरडी राहते. म्हणजे गॅस आरोपी असू शकतो. पण आधी दोन काट्यांचं मीटर लावून दाब बघावा, साबणाचं पाणी लावून बुडबुडा शोधावा, आणि मग शिक्षा द्यावी. इथे साक्षीपुराव्याशिवाय फाशी आहे, आणि दोराचे पैसेही आपल्याच बिलात.

नवल असं की, वऱ्हाडी माणूस या शास्त्रात अडाणी मुळीच नाही. आमच्याकडचं शेंबडं पोरही कूलरचं निदान करतं. कूलर डावीकडून गरम वारा फेकतोय असं आजी म्हणाली, की पोरगं उठतं, तिन्ही ताट्यांना हात लावतं, डावी ताटी कोरडी आहे हे ओळखतं, वरच्या नळीचं बुजलेलं भोक झाडूच्या काडीनं मोकळं करतं आणि पुन्हा पत्ते खेळायला बसतं. अडीच मिनिटं, खर्च शून्य. हेच पोरगं मोठं होऊन मोटार घेतं, आणि गॅरेजात जाऊन हात जोडून विचारतं, 'किती होतील?' काय होतंय हे विचारत नाही, किती होतील हे विचारतं!

आमच्या थोरल्या साडूंची गाडी हे याचं चालतं-बोलतं उदाहरण. तीन उन्हाळ्यांत तीनदा गॅस. गॅरेजचं नाव सांगत नाही. वऱ्हाडात ते कुठलंही असू शकेल. दर वेळी एकच विधी. कारागीर पुढच्या सीटवर बसायचा, एसी पूर्ण सोडायचा, मधल्या जाळीपुढे पंजा धरायचा आणि म्हणायचा, "पाहा ना भाऊ, बरफ हाये बरफ!" साडूही पंजा धरायचे. बरफच असायचा. पैसे दिले, घरी आले.

परवाच्या मे महिन्यात आम्ही एका लग्नासाठी याच गाडीतून अमरावतीहून अकोल्याला निघालो. गाडी साडू चालवत होते. शेजारी गुडघ्याच्या मानाने थोरले मेहुणे. मागे मी, माझी बायको आणि साडूंच्या बरोबर पाठीमागे आमच्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, डोक्यावर ओला नॅपकिन, पिशवीत ऊन लागू नये म्हणून कांदा. मी मागे होतो म्हणून हा लेख तरी होतो आहे. पुढच्या सीटवर बसणाऱ्यांनी या विषयावर आजवर एक ओळ लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुपारी अमरावतीहून अकोल्याकडे जाताना मेमधला सूर्य समोरून उजव्या हाताला कलतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. साडूंनी सगळ्या जाळ्या स्वतःकडे वळवल्या. तेच ऊन मागच्या उजव्या काचेतून सासूबाईंवर येत होतं, पण त्यांच्याकडे वळवायला काही नव्हतं. पदराशिवाय. बडनेऱ्याला मी म्हटलं, मागे वारा येत नाही. साडू म्हणाले, "एसी फुल आहे!" पुढे मेहुण्यांनी गार लागतं म्हणून रुमाल गळ्याला गुंडाळला. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नाव लावलं गेलं. पंचाहत्तर किलोमीटर पाच दिवसांच्या आत! आणि आमच्या गाडीतला गारवा पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंतचं तीन फुटांचं अंतर तीन उन्हाळ्यांत कापू शकला नव्हता.

कुरूम गेलं तेव्हा सासूबाई बोलायच्या थांबल्या. आमच्या सासूबाई बोलायच्या थांबणं ही साधी गोष्ट नव्हे. चेहरा लालबुंद, हात तापलेले, 'मळमळते' एवढंच म्हणाल्या. मूर्तिजापूरला गाडी सावलीत उभी केली, त्यांना बाकावर आडवं केलं, मानेवर, हातापायांवर ओली फडकी ठेवली, वारा घातला, घोट घोट साखर-मिठाचं पाणी पाजलं. अर्ध्या तासाने त्यांनी लग्नातल्या आहेराची चौकशी केली तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. तो अर्धा तास मी विसरणार नाही. साडू तेवढा वेळ एकच वाक्य म्हणत होते, "पण गॅस तर आत्ताच भरलाय हो!"

अकोल्यात एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी पुढचं दार उघडलंच नाही. सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमाले कोन्या बाजूनं गरम लागते?" त्या म्हणाल्या, "चालते न बाप्पा, मले काय होते!" मिस्त्री मागच्या सीटवर त्यांच्या जागी जाऊन बसले, पाच मिनिटं घाम गाळला, आणि मग पुढच्या खणामागची हवेची गाळणी ओढून काढली. गाळणी कसली, उशी होती! धूळ, वाळका पाला आणि जिनिंगच्या आवारात गाडी लावून जमवलेले रुईचे तंतू. वारा गार होता; तो मागे पोचण्याइतका निघतच नव्हता. गॅस मोजला तो हवा त्याहून जास्त निघाला. नवी गाळणी काहीशे रुपयांत आली.

कारणं अशी साधी असतात, फक्त त्यांना भेटायला जावं लागतं. थांबल्यावर गरम आणि धावताना गार, तर पुढचा पंखा आणि मातीने लिंपलेली बाहेरची जाळी बघा. ज्या गाडीत दोन बाजूंना वेगळी बटणं आहेत, तिथे एक बाजू बिघडली तर हवेची झडप फिरवणारी चिमुकली मोटर बघा. तिचा दाता तुटला की डॅशबोर्डामागे टक-टक ऐकू येतं. पण रेडिओ बंद करील कोण? बटण बाहेरची हवा घेण्यावर राहिलं असेल, तर तुम्ही पंचेचाळीस अंशांचं वऱ्हाड गार करायला निघाला आहात.

हीटरचंही हेच. डिसेंबरात चिखलदऱ्याला गेलेल्या गाडीत एकाचे पाय भाजतात आणि दुसऱ्याचे गारठतात. आमच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी माणूस पीत नाही, कारण त्याला ते बाधतं. पण रेडिएटरला पाजतो. क्षार साचतो, हीटरच्या बारीक नळ्या अर्ध्या बुजतात, आणि गाडीला एका अंगाचा लकवा होतो. हीटरला जाणारी आणि येणारी, दोन्ही नळ्या जपून चाचपा. एक कढत आणि एक कोमट असेल तर पाणी आत अडलंय. (रेडिएटरचं झाकण मात्र गाडी तापलेली असताना उघडू नका, नाहीतर निदान तुमचंच करावं लागेल.)

मोटारीत कारखान्यातूनच गारवा बसवून विकायला पहिल्यांदा निघाली अमेरिकेची पॅकार्ड कंपनी, १९३९ साली. ते यंत्र डिकीत होतं, म्हणजे गार वारा आधी मागच्यांना मिळे. बंद करायचं तर उतरून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे, म्हणून ते फारसं चाललं नाही. यंत्र सुधारत सुधारत पुढे आलं, आणि मागच्या सीटवरची माणसं मागेच राहिली. त्यात आमची बसण्याची रीत अशी, की पुढे जावई आणि मागे म्हातारी, लेकी, पोरं. तक्रार मागच्यांची, आणि गॅरेजात तिची सुनावणी पुढच्या सीटवर. मग निकाल 'बरफ'च लागणार!

म्हणून माझ्या मागण्या तीनच. मीटर लावल्याशिवाय गॅस नको. गळती दाखवल्याशिवाय पैसे नकोत. आणि दुरुस्ती झाली की नाही, हे मागच्या सीटवर बसून ठरवायचं. 'मागे गार लागतंय का?' असं नुसतं पुढून ओरडून विचारण्यात अर्थ नाही. आपल्या घरातली मागची माणसं जन्मभर 'हो, लागतंय' असंच म्हणत आलेली आहेत.