औषधाची बाटली फेकू नका

कॅज्युअल्टीत रुग्णाला घेऊन आलेल्या नातेवाइकांशी आमचा ठरलेला संवाद असतो. ‘‘आधी कुठलं औषध दिलं होतं?’’ ‘‘लाल रंगाचं, खोकल्याचं.’’ ‘‘बाटली आणलीय?’’ ‘‘नाही साहेब, संपली म्हणून टाकली.’’ बिल विचारावं तर ते घेतलेलंच नसतं. बहुतेक वेळा यानं काही अडत नाही. पण ज्या दिवशी औषधातच दोष असतो, त्या दिवशी निदानही अडतं आणि पुढे न्यायही.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्दी-खोकल्याचं ‘कोल्ड्रिफ’ घेतलेल्या वीसहून अधिक लहान मुलांचा मृत्यू झाला. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. लघवी बंद होणे आणि मूत्रपिंड निकामी होणे, हाच क्रम बहुतेकांच्या बाबतीत होता. तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळलं. परवानगी आहे ०.१ टक्क्याची. हा औद्योगिक वापराचा द्रव चवीला गोड असतो आणि दिसायला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा असतो. कच्चा माल तपासल्याशिवाय वापरला, की तो औषधात शिरतो.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले, तेव्हाही विष हेच होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं पुरवठादारापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली. आरोग्यमंत्र्यांना जावं लागलं. योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला.

आज लागू असलेला कायदा २०१९चा आहे. त्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. ते फक्त औषधांना लागू नाही. प्रेशर कुकर, गिझर, सांध्यात बसवलेलं इम्प्लांट हे सगळं त्यात येतं. बनवताना राहिलेला दोष, आराखड्यातला दोष किंवा वापराच्या धोक्याची पुरेशी सूचना न देणं, यातल्या कशामुळेही इजा झाली तर भरपाईची जबाबदारी उत्पादकावर येते. यातला सूचनेचा मुद्दा मला डॉक्टर म्हणून फार महत्त्वाचा वाटतो. क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच दिला होता. कोल्ड्रिफमध्ये ही दोन्ही औषधं होती. बाटलीत विष आहे की नाही, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरला कळणं शक्य नाही. पण इतक्या लहान मुलाला हे मिश्रण का दिलं, हा प्रश्न त्याला विचारता येतो, आणि तो विचारला जावा असं माझं मत आहे.

‘‘औषध तर शंभर रुपयांचं, त्यासाठी कोर्टात कोण जाणार?’’ असं लोक म्हणतात. इथे एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. कुठल्या आयोगाकडे जायचं, हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, मोजलेल्या किमतीवर ठरतं. पन्नास लाखांपर्यंतच्या किमतीचा माल जिल्हा आयोगाकडे येतो आणि किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. तक्रार आपण राहतो तिथे करता येते. आपल्याकडे अक्कलकोट, मंगळवेढ्याची माणसं कर्नाटकात जाऊन औषध आणतात. दुकान इंडीतलं आणि कारखाना तामिळनाडूतला असला, तरी सोलापूरच्या आयोगात तक्रार चालते. मूल अज्ञान असेल तर आईवडील आणि माणूस गेला असेल तर वारस तक्रार करू शकतात. मुदत दोन वर्षांची. दुकानदाराला सहसा यात ओढता येत नाही. मात्र उत्पादक कोण हेच कळत नसेल किंवा त्यानं मालात फेरफार केला असेल, तर तोही जबाबदार ठरतो.

हे सगळं वाचायला सोपं आहे. पुरावा मात्र बाटलीत असतो. आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, पण त्यासाठी नमुना हवा. म्हणून शंका येताच औषध देणं थांबवा. उरलेलं औषध ओतून न देता बूच घट्ट लावून, खोक्यासकट बाजूला ठेवा. बॅच नंबरचा फोटो काढा. बॅच नंबर असलेलं बिल मागून घ्या. दहा रुपये कमी होतात म्हणून ते सोडू नका. औषध आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६नुसार, विकत घेतलेलं औषध शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कुणालाही आहे. त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. आणि भेसळीच्या औषधानं मृत्यू झाल्याचा गुन्हा सिद्ध झाला, तर किमान दहा लाखांचा दंड असतो. हा वसूल झालेला दंड मृताच्या नातेवाइकांना भरपाई म्हणून द्यायचा असतो. हे त्याच कायद्याच्या कलम २७मध्ये लिहिलेलं आहे.

आता आमच्याकडची अवघड बाजू. सरकारी रुग्णालयात औषध मोफत मिळतं. सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये सांगितलं. पैसेच दिले नाहीत तर ग्राहक आयोगाची वाट बहुधा बंद होते. मग दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालय उरतं. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३मध्ये बाळंतिणीच्या नसबंदीच्या शस्त्रक्रियेवेळी पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. सर्वोच्च न्यायालयानं शासनाला जबाबदार धरून ३६ हजार रुपयांची भरपाई कायम केली, ती १९९६ साली. तेहेतीस वर्षं! सरकारी नोकरीत असूनही मला वाटतं, की मोफत उपचार घेणाऱ्या गरिबाला खासगी रुग्णालयातल्या रुग्णापेक्षा लांबचा रस्ता पडावा, हे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट, जी सांगताना आमचीही जीभ अडखळते. अचानक आणि अनाकलनीय मृत्यू झाला तर शवविच्छेदन करू द्या. लहान मुलाच्या बाबतीत तर आईबाप हात जोडतात, नको म्हणतात, आणि त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. पण डायएथिलीन ग्लायकॉलच्या खुणा मूत्रपिंडात सापडतात आणि अंत्यविधीनंतर त्या शोधणं जवळपास अशक्य होतं.

केसपेपर, रक्त-लघवीचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हव्यात. हा वैद्यक परिषदेचा नियम आहे. अर्ज साध्या कागदावर लिहा, पोच घ्या. आमच्याकडेही मागा.